निकिताचा आकडा

थुंकीवरून पोरांची अक्कल कळते असं मला कुणी दिवाळीत सांगितलं असतं, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. पण जूनमध्ये मीच माझ्या पोरीला घेऊन नगरजवळच्या केडगावातल्या एका क्लासच्या पायऱ्या चढले आणि तिनं प्लॅस्टिकच्या नळीत थुंकावं म्हणून शेजारी बाकावर बसले. तिच्या तोंडाला पाणी सुटेना. घाबरली होती. मी म्हटलं, कैरीचा विचार कर. तशी ती हसली आणि नळी भरली.

निकिता आमची एकुलती एक. आमचं गाव हिवरे बाजारच्या अलीकडं. गावच्या शाळेत दहावीला तिला नव्वदच्या वर टक्के पडले. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. दुसरी पोरं अंगावरचं दूध सुटल्यावर खेळण्यांकडं वळतात, ही गोठ्याकडं वळली. कोणत्या गाईला ताप आहे हे तिला गाईच्या कानाला हात लावून कळतं. डॉक्टर व्हायचं तर अकरावी सायन्स पाहिजे, सायन्सला क्लास पाहिजे, म्हणून केडगाव. आणि त्या क्लासनं यंदा नवीन टूम काढली होती. प्रवेश घेणाऱ्याची डीएनए टेस्ट मोफत, पाल्याची शैक्षणिक क्षमता आधीच जाणून घ्या. मोफत म्हटल्यावर आमच्या घरात कुणी कशाला नको म्हणत नाही.

माझे मिस्टर रविराज यांना तर ती टेस्ट फार पटली. त्यांचं सगळं आयुष्य दुधात गेलेलं. त्यांच्या हिशेबी जनावराचं निम्मं नशीब जन्माआधीच ठरतं. गाय भरवायची वेळ आली की हे मोबाईलवर वळूंचे फोटो घेऊन बसतात. त्या वळूच्या आईचं दूध किती, त्याच्या मुलींचं दूध किती, फॅट किती, सड कसे, सगळं वाचतात आणि मगच डॉक्टरला त्या वळूच्या वीर्याची कांडी आणायला सांगतात. लग्न जमवताना माझी एवढी चौकशी यांनी केली नव्हती. दोनतीन वर्षांपासून दूध संघाच्या योजनेतून कालवडींच्या शेपटीचे केसही तपासायला जातात. कालवड लहान असतानाच तिचा आकडा येतो, म्हणजे पुढं ती किती दूध देईल त्याचा अंदाज. आकडा चांगला असेल तर ठेवायची, कमी असेल तर घोडेगावच्या बाजारात विकायला न्यायची. आणि ते केस उपटताना कालवडीची शेपटी धरून कोण उभं राहायचं, तर निकिता. तिला हे सगळं पाठ होतं.

म्हणून तर पुढचं सगळं झालं. दुसऱ्या एखाद्या घरात हसण्यावारी नेलं असतं.

निकाल यांच्या मोबाईलवर आला तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. यांनी उष्ट्या हातानंच उघडला. मग मोबाईल माझ्यापुढं सरकवला. सगळं इंग्रजीत होतं, पण पट्ट्या कुणालाही कळतील अशा. हाडं हिरवी, दूध पचणं पिवळं, आणि शिक्षणापुढं एक आखूड लाल पट्टी. शंभर माणसांना रांगेत उभं केलं तर निकिता पार शेपटाकडं, असं त्याखाली चित्र काढून दाखवलं होतं. रांगेतली बाकीची माणसं करडी, आणि एकच लाल.

"काय आलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"शिक्षणाचं कमी आलंय," हे म्हणाले.

"कुणाच्या बाजूनं?"

आमच्या सासूबाई, छबूबाई, कधी शाळेत गेल्या नाहीत, पण नेमक्या जागी बोट ठेवायला त्यांना शाळा लागत नाही. "आमच्यात तर कुणी ढ न्हाई," त्या म्हणाल्या. "रविराजचा चुलता तलाठी हुता." म्हणजे राहिलं माझं माहेर. मी म्हटलं, "आत्या, तुमच्या त्याच तलाठ्यानं आपला बांध चुकीचा मोजला होता." त्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला, पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. मी बारावी नापास आहे. माझा भाऊ नववीतून निघाला. खरंच माझ्याकडूनच गेलं असेल का तिच्यात? रंग माझा, केस माझे, मग हे का नाही?

निकितानं मोबाईल घेतला, खालपासून वरपर्यंत सगळं वाचलं, आणि ताटातला भात संपवून उठली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

अकरावीचा ऑनलाईन फॉर्म भरायला शनिवारपर्यंत मुदत होती. आमच्या घरात तोवर रोज संध्याकाळी कोणतं कॉलेज, बस कोणती, होस्टेल की येऊन जाऊन, असा दंगा चालायचा. निकालानंतर तो विषयच बंद झाला. मंगळवारी मी म्हटलं, फॉर्म भरून टाकू. तर ती म्हणाली, "मम्मी, आर्ट्स भरलं तर चालंल का?"

"का गं?"

"सायन्स लई अवघड असतं म्हणे. उगं दोन वर्षं वाया जायची."

"म्हणे? कोण म्हणे?"

मी यांच्याकडं बघितलं. हे चपलेचा अंगठा नीट करत बसले होते. मग हळूच म्हणाले, "तिला जे झेपंल ते करू दे. मी काय तिला घरात बसवतोय व्हय? पर जे अंगातच न्हाई ते लादायचं कशाला? पोरगी खचंल."

हे वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं. पोरीवर यांचा जीव आहे, आणि त्या जिवापोटीच हे तिला खाली उतरवत होते. मी म्हटलं, "अहो, नव्वद टक्के पडलेत तिला."

"दहावी पाठ करून सुटती," हे म्हणाले. "पुढं दम लागतो."

"आणि तो दम थुंकीत दिसतो?"

"कालवडीचा शेपटीच्या केसात दिसतो ना?"

इथं माझं डोकं फिरलं. कारण गोठ्यात काय होतं ते मी रोज बघते. आकडा कमी आला की त्या कालवडीची पेंड आधी कमी होते. मुरघासाचा पौष्टिक चारा चांगलीला, हिला नुसता कडबा. मग ती सुकते, अंग धरत नाही, आणि हे म्हणतात, बघ, आकडा खरा निघाला. मी हे बोलून दाखवलं. चांगलं ठणकावून दाखवलं. हे म्हणाले, "तुला त्यातलं कळत न्हाई." पण निकिता दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिला त्यातलं कळतं. ती म्हणाली, "मम्मी, पेंड सारखी घातली तरी फरक राहतोच की. थोडा राहतो, पर राहतो."

तिच्याच तोंडून ते ऐकल्यावर मी वाद सोडला आणि चुलीकडं वळले.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. मी माझ्याच पोरीचं बालपण उकरत बसले. ती बोलायला उशिरा लागली होती. घड्याळ वाचायला तिसरीत शिकली. पाढ्यांत तेराशी अडकायची. या सगळ्याला आजवर मी हसत आले होते. आता एकेक गोष्ट पुरावा वाटायला लागली. बाकीचंही आठवत होतं, म्हणजे पाचवीतच ती आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायची ते. पण ते आठवून धीर येईना. भीती अशी असते, तिला जे पाहिजे तेवढंच ती वेचते.

गुरुवारी मी खाजाभाईंच्या घरी गेले. खाजाभाई गावातलं दूध टेम्पोनं नगरला नेतात. त्यांची अल्मास आणि निकिता पहिलीपासून एका बाकावर. अल्मासनंही त्याच क्लासला नाव घातलं होतं आणि त्याच दिवशी नळीत थुंकली होती. खरं सांगायचं तर मी धीर द्यायला गेले नव्हते. अल्मासचं किती आलं ते बघायला गेले होते.

तिच्या आईनं, मुबारकबी भाभींनी, चहा टाकला. दोघी हवापाण्याचं बोलत राहिलो. शेवटी मीच विचारलं. भाभींनी आधी दार लोटलं.

"लाल आलंय," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नको, रेश्मा. हिच्या मामूच्या कानावर गेलं तर ते म्हणतील, शिकवताच कशाला."

मला त्या क्षणी बरं वाटलं. भाभींचे डोळे भरले होते आणि मला बरं वाटलं. लगेच दुसरा विचार आला आणि ते बरं वाटणंही गेलं. शाळेत पहिली आणि दुसरी आलेल्या या दोन पोरी. दोघींच्या सात पिढ्यांत कुठं नातं नाही, गोत्र नाही, घरं वेगळी, धर्म वेगळा. आणि दोघीही रांगेच्या शेपटाला?

अल्मास आतून बाहेर आली. ती आमच्या निकितासारखी मुकी नाही. "काकू, आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाकलंय," ती म्हणाली. "जवळपास सगळ्यांचंच लाल हाय. एकाचंच पिवळं आलंय, तो तर गणितात काठावर पास हाय."

"मग तू काय ठरवलंस?"

"मी सायन्सच भरलं. अब्बा म्हणले, मशीनला काय कळतंय." मग म्हणाली, "पर निकिता म्हणती मशीनला कळतं. तिनं कालवडींचं बघितलंय म्हणे."

मी चहा अर्धाच ठेवून उठले. घरी येऊन यांना म्हटलं, उद्या केडगावला चला. आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर मी एकटी. हे आले.

क्लासच्या ऑफिसात ज्ञानेश्वरी नावाच्या मॅडम होत्या. तिशीच्या आतल्या, आवाज मऊ. त्यांनी निकिताचा निकाल कॉम्प्युटरवर काढला आणि म्हणाल्या, "काळजी करू नका. आपल्याकडच्या मुलांचा हा स्कोअर बहुतेक कमीच येतो."

"आपल्याकडच्या म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आपल्या भागातल्या. सगळ्याच समाजांतल्या."

मी चिडले. "म्हणजे अख्खा नगर जिल्हा ढ आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही हो काकू, तसं नाही." त्या गडबडल्या. त्यांना क्लासनं जेवढं शिकवलं तेवढंच त्या बोलत होत्या, हे दिसत होतं. तेवढ्यात मिस्टर एकदम पुढं सरकले.

"मॅडम, हा आकडा कुणावरून बांधलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी कुणाचे तरी नमुने घेतले असतील. कोण किती शिकलं ते बघितलं असंल. त्यावरून ठरवलं असंल की असं असं रक्तात असलं की माणूस जास्त शिकतो. ती माणसं कुठली?"

मॅडमनी निकाल खाली सरकवला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरं होती. त्यांनी ती वाचली आणि मराठीत सांगितली. लाखो लोकांचे नमुने होते. जवळपास सगळे युरोपी वंशाचे. इतर वंशांच्या लोकांना हा अंदाज नीट लागू पडत नाही, एका समाजाची दुसऱ्याशी तुलना त्यावरून करू नये. आणि त्या युरोपी लोकांतही शिक्षणातल्या फरकाचा थोडाच भाग त्यानं कळतो, बाकी घर, शाळा, परिस्थिती.

"हे मीही इतकं लक्ष देऊन वाचलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "माझीही टेस्ट केलीय क्लासनं. लालच आहे. मी घरी दाखवली नाही."

हे खुर्चीत मागं टेकले. यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता, गाय दगावली तेव्हाही नाही. बाहेर आल्यावर पुणे रोडला गाड्यांच्या आवाजात हे बोलत होते, मला ऐकू यावं म्हणूनही नाही. "वळूच्या मुली कुठं दुभल्या, हे इचारल्याशिवाय मी एक कांडी भरली न्हाई आजवर. थंड मुलकातल्या वळूचा आकडा हितं धरायचा नसतो, हे मी लोकांला सांगतो. आन् पोरीच्या वेळंला इचारलं न्हाई."

बोलायला हवं होतं तेवढं हेच बोलले होते. मी मनातल्या मनात नवस फेडायच्या गोष्टी करत होते. वाटलं, सुटलो.

निकिता गोठ्यात होती, गाईंना पाणी दाखवत होती. यांनी चपला काढायच्या आधीच तिला सगळं सांगितलं. फार चांगलं सांगितलं, मला एवढं जमलं नसतं. नमुने कुणाचे, ते लोक कुठले, त्यांच्या शाळा कशा, आपल्याशी त्याचा मेळ का नाही. वळूचं उदाहरण दिलं. निकिता बादली धरून ऐकत होती आणि मान हलवत होती. तिला लगेच कळलं. आमच्या कुणापेक्षाही लवकर कळलं.

"व्हय," ती म्हणाली. "म्हणजे तो आकडा माझा न्हाईच."

"न्हाईच," हे म्हणाले.

"मग माझा किती?"

यांना प्रश्न समजला नाही. मला समजला.

"म्हणजे आपल्याकडच्या माणसांवरून काढला तर," ती म्हणाली. "तेव्हा माझा किती येईल, पप्पा?"

"तसा कुणी काढलाच न्हाई अजून."

"पर काढतील ना कधीतरी."

"काढतील. पर त्यानंबी थोडंच कळंल, मॅडम म्हणल्या ना. बाकी सगळं आपल्या हातात."

"थोडं कळंल," निकिता म्हणाली आणि बादली खाली ठेवली. "आन् तेव्हाबी लालच आला तर?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "नाही येणार." कशावरून म्हटलं, मला सांगता येणार नाही. आई म्हणून म्हटलं. तिनंही ते तसंच ऐकलं, आईचं म्हणून.

शनिवारी फॉर्म भरला. सायन्सच. तिनं स्वतःच्या हातानं भरला, मी शेजारी उभी होते. नगरच्या कॉलेजात नंबर लागला, क्लासही सुरू झाला. यांनी त्या मोबाईलमधला निकाल उडवून टाकला. सासूबाईंना यांनी बजावून सांगितलं की तो विषय या घरात पुन्हा काढायचा नाही, आणि त्यांनी तो काढला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आमचं सगळं मार्गी लागलं.

परवा ती ओसरीवर फिजिक्सची गणितं सोडवत बसली होती. मी समोर शेंगा फोडत होते. एक गणित तिचं चुकलं. मला फिजिक्समधलं काही कळत नाही, पण तिनं मागचं पान उघडून उत्तर ताडून बघितलं आणि तिचा हात थांबला, त्यावरून कळलं. नवीन धडा, पहिलाच आठवडा. कुणाचंही चुकेल. पूर्वी तिचं चुकलं की ती जीभ चावायची, पान खोडायची आणि पुन्हा वरपासून सुरू करायची. मी कधी लक्षही दिलं नव्हतं, माझं काम चालू असायचं.

आता माझं काम थांबलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती पुन्हा सुरू करते का, किती वेळ लागतो, कपाळाला आठी पडते का. मनातल्या मनात म्हणत होते, कर गं, कर, जमतंय तुला. आणि त्याच्याही खाली, अगदी खाली, दुसरंच काहीतरी म्हणत होते.

तिनं मान वर केली. आधी माझे डोळे बघितले, मग माझ्या हातातली न फोडलेली शेंग. सोळा वर्षांत माझ्यापासून तिनं कधी वही लपवली नव्हती. तिनं हळूच डावा हात त्या गणितावर आडवा ठेवला.

"मम्मी," ती म्हणाली, "तू आत बस ना."